पहिल्यानंतर चौथा

सिग्नल सुटला, की क्लच दाबून दांडा सरळ मागे ओढायचा, पहिल्यावरून दुसरा. हाताला विचारावंही लागत नाही. पण मॅन्युअल गिअरची शेवरले कॉर्व्हेट असेल, इंजिन तापलेलं, वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका, तर दुसऱ्याची वाट बंद होते. दांडा मध्येच बाजूला सरकतो आणि थेट चौथ्यात जाऊन बसतो. पिकअप गेला. मागचा हॉर्न वाजवतो.

मूळ कारण कराचं. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसला. शहर आणि महामार्ग मिळून ॲव्हरेज गॅलनला 22.5 मैलांच्या, म्हणजे लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटरच्या, खाली गेलं की कर लागू. 1989 साली कॉर्व्हेटला सहा गिअर आले, सोबत ही खीळही आली आणि गाडी करातून सुटली.

पेट्रोल वाचावं, हे मला मनापासून पटतं. पण मॅन्युअल गाडी माणूस घेतो ती कुठला गिअर कधी टाकायचा हे स्वतः ठरवायला. तेवढंच काढून घेतलं तर राहिलं काय? शिवाय ही खीळ चुकवायचा सोपा उपाय म्हणजे पहिल्यातच ॲक्सिलरेटर जोरात दाबणं. वाचवायचं राहिलं बाजूला, जास्तच जळतं. बाकीचे लोक रेझिस्टर असलेला छोटा प्लग आणून गाडीखाली बसवतात आणि मोकळे होतात.

हाताला न अडवता वाचवता येत नाही, असंही नाही. याच कॉर्व्हेटच्या 2014 च्या मॉडेलमध्ये भार कमी असताना आठांपैकी चार सिलिंडर बंद राहतात, दांड्याला हात न लावता. माझदाची एमएक्स-5 तर वजन टनाच्या आसपास ठेवून वाचवते. ही खरी कारागिरी. खीळ म्हणजे दात कोरून पोट भरणं.

माझ्या गाडीला खीळ नाही, पण सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. रांग हातभर पुढे सरकली की सुरू, पुन्हा बंद. ते थांबवायचं बटण आहे, पण चावी फिरवली की गाडी कालचं सगळं विसरते. युरोपच्या चाचणीत गाडी ज्या स्थितीत सुरू होते तीच धरतात, म्हणून ती तशीच सुरू होते. रोज सकाळी सीटबेल्ट लावला की माझं बोट आधी तिथे जातं. त्यावरचं अक्षर आता पुसट झालंय.