पत्त्यांपायी पत्ता बदलताना

यवतमाळ जिल्हा सोडून दुसरीकडे बस्तान कुठं बसवावं, याचा पद्धतशीर अभ्यास आजवर एकाच रहिवाशानं केला आहे. तो टिपेश्वरच्या जंगलातला वाघ. २०१९ च्या जूनमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर मिरवत तो निघाला, तेलंगणाला जाऊन आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशा मुलखातून शेतंशिवारं बघत बघत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर चालून झाले होते. पुढे हा आकडा तीन हजारांवर गेला. एवढी पायपीट कशासाठी, तर भक्ष्य, हद्द आणि जोडीदारीण. कॅसिनोत पोकर खेळून पोट भरायचं ठरवलेल्या होतकरू तरुणानंही हेच तपासावं. फक्त आपण जातोय तिथं भक्ष्य कोण, याची खात्री वाघापेक्षा जरा आधी करून घ्यावी.

घरचे पहिल्यांदा विचारतील, इथंच काय वाईट आहे? उत्तर तयार ठेवा. महाराष्ट्रानं १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा रीतसर कायदा केला. शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. कायदा मंजूर झाला, छापला गेला आणि लागू करायचा राहून गेला. किती, तर सत्तेचाळीस वर्षं. २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द केला. कॅसिनो एकही नव्हता, त्यामुळे कुणाची नोकरी गेली नाही.

लागू आहे तो दुसरा कायदा, १८८७ चा, जुगार प्रतिबंधाचा. त्याची ओळख आपल्याकडे शाळेत होत नसली तरी पोळ्याला होते. बैलांची पूजा आटोपली, पुरणपोळी पोटात गेली की गावाबाहेरच्या एखाद्या गुरांच्या कोठ्यात सतरंजी पडते. मधोमध मोबाईलची बॅटरी उताणी ठेवलेली, भोवती आठ-दहा जण, धुऱ्यावर एक पोट्टा पहाऱ्याला. दर डावामागे नोटांच्या ढिगातून नाल काढून घेणारा बुजुर्ग स्वतः एक पान हातात धरत नाही, आणि सकाळी उठतो तेव्हा त्याचाच खिसा फुगलेला असतो. (या माणसाकडे नीट लक्ष द्या. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे, कोट-टायमध्ये.) मग छापा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते: रोख, मोबाईल आणि दुचाकींसह मुद्देमाल जप्त. मुद्देमालात रोख बहुधा किरकोळ असते, आकडा फुगतो तो दुचाकींमुळे. तेव्हा खेळायला पायी जावं. हा अनुभव बायोडाटात मात्र लिहू नये.

लिहून उपयोगही नाही, कारण तीन पानी म्हणजे पोकर नव्हे. तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यात तिन्ही पानं सारखी येण्याची शक्यता ४२५ डावांत एकदा. त्याची वाट कोण बघतो? आपला माणूस ब्लाइंड चाल करतो, मिशीवर ताव देतो आणि समोरच्याला पॅक करायला लावतो. पोकरच्या रूढ प्रकारात दोन पानं हातात, पाच सगळ्यांची मिळून टेबलावर उघडी, आणि बोली चार टप्प्यांत. एक्क्यांची जोडी हातात येते २२१ डावांत एकदा. माणसानं पत्ते वाटलेल्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे आठ तासांची पाळी भरली की सरासरी एकदा एक्के दिसणार, आणि त्याच वेळी बाकीचे सगळे पानं टाकून मोकळे होणार. मुरलेला खेळाडू चारातले तीन डाव पैसे न लावता सोडून देतो. नोकरी ही अशी आहे: न खेळता बसून राहणं. ज्यानं सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी रांगेत लावून रात्र काढली आहे, त्याला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही.

हिशेबाची मात्र आहे. या बाबतीत विदर्भाला मोठी परंपरा आहे आणि ती कुणी सांगत नाही. आपला जावई नळराजा. सासुरवाडी कुंडिनपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं आजचं कौंडण्यपूर. गडी भावाशी फाशांनी खेळला, राज्य हरला, अंगावरच्या एका वस्त्रावर बाहेर पडला आणि ते वस्त्रही पाखरांवर टाकून गमावलं. मग त्यानं जे केलं ते प्रत्येक होतकरूनं लिहून ठेवावं: त्यानं गाव बदललं आणि नोकरी धरली. अयोध्येत ऋतुपर्ण राजाकडे, बाहुक या नावानं, घोड्यांच्या कामावर. एकदा विदर्भाकडे रथ हाकताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजानं नुसतं बघून त्याची पानं-फळं किती ते सांगितलं. नळानं विश्वास ठेवला नाही, झाड पाडून मोजलं, आकडा बरोबर निघाला. तेव्हा नळानं घोड्यांची विद्या दिली, राजानं फाशांची. त्यानंतर नळ परत गेला आणि एका डावात सगळं जिंकून आला. ही कथा महाभारतात सांगितली जाते तीही युधिष्ठिराला, वनवासात, म्हणजे नेमक्या गरजवंताला. फक्त उशिरा.

बेहडा आपल्या जंगलात भरपूर आहे. सराव फुकट.

आता जागा. देशात पत्त्यांचे कॅसिनो चालतात ते गोव्यात आणि सिक्कीममध्ये. गोव्याचा जुगार कायदाही १९७६ चाच, पण तो लागू झाला. १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, १९९६ च्या दुरुस्तीनं टेबलावरचे खेळ आले, तेही पाण्यावरच्या जहाजांत. म्हणून पणजीला बांदोडकर मार्गावरच्या धक्क्यावर जायचं, खिडकीत काही हजारांचं पॅकेज घ्यायचं, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि छोट्या बोटीतून मांडवीतल्या मोठ्या जहाजावर चढायचं. जेवण पॅकेजमध्ये असतं. पहिल्या दिवशी उमेदवार तेच वसूल करत बसतो आणि टेबलावर पेंगतो; हे टाळावं.

त्या खिडकीत ओळखपत्र मागतात, आणि इथंच या मार्गदर्शनाचा गाभा आहे. एकवीस वर्षं पूर्ण हवीत, हे एक. दुसरं म्हणजे १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकराला खेळाच्या दालनात बंदी आहे. म्हणजे तुम्ही पोकरसाठी गोव्याला राहायला गेलात, घर केलंत, मतदार यादीत नाव घातलंत, रेशनकार्ड काढलंत, की धंदा बंद. गावचा रहिवासी झालात म्हणून कामावरून काढून टाकणारी ही जगातली एकमेव नोकरी असावी.

चला, सिक्कीमला जाऊ. गंगटोकमध्ये हवा थंड, कॅसिनो हॉटेलात, बोटीची कटकट नाही. तिथंही सिक्कीमच्या माणसाला आत प्रवेश नाही. नेपाळ? काठमांडूत १९६८ पासून कॅसिनो आहेत, भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. नेपाळी नागरिकाला बंदी. मोनॅको एवढंसं, कॅसिनोनं जगभर गाजलेलं. तिथल्या नागरिकाला जुगाराच्या दालनात जाता येत नाही. सिंगापूर आपल्या नागरिकाकडून दिवसाचे दीडशे सिंगापुरी डॉलर नुसते दारात घेतं, परदेशी माणसाला मात्र मोफत. मकाव तर जुगारावर जगतं, पण तिथला सरकारी कर्मचारी चिनी नववर्षाचे पहिले काही दिवस सोडले तर कॅसिनोत पाऊल टाकू शकत नाही. दक्षिण कोरियात कोरियन माणसाला चालणारा एकच कॅसिनो आहे आणि तो कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डोंगराळ भागात काढला, २००० साली, बेकारांना काम मिळावं म्हणून. (आपल्या कोळसापट्ट्यातल्या वणीकरांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये.)

ज्या ज्या सरकारानं हा पदार्थ शिजवला, त्यानं आपल्या पोरांना ताटावरून उठवलं आणि पाहुण्याला आग्रह केला. पाहुणा म्हणजे आपण. तेव्हा राहायला कुठंही जा. आधार कार्डावरचा पत्ता यवतमाळचाच ठेवा. आर्णी, घाटंजी, झरी-जामणी काहीही चालेल. तीच तुमची पात्रता आहे आणि बाकी काही असेल असं गृहीत धरू नका.

लास वेगासचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकरची जागतिक मालिका तिथं १९७० पासून भरते, मुख्य स्पर्धेचं प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर. २०२४ मध्ये बंगळूरच्या संतोष सुवर्णा यांनी तिथं एका स्पर्धेत ५४ लाख डॉलर जिंकले, हे खरं आहे. त्या स्पर्धेचं प्रवेशमूल्य अडीच लाख डॉलर होतं, हेही खरं आहे. बक्षिसातले ३० टक्के भारतीय माणसाच्या हाती पडण्याआधीच कापले जातात. मोबाईलवर घरबसल्या खेळू म्हणणाऱ्यांसाठी त्याहून थोडक्यात: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

पोकर हा जुगार की कसब, हा वाद उकरून काढू नका. उत्तर एसटी कुठं थांबते त्यावर आहे. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही नाव घेऊन जुगारातून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पोकर हा जुगारच ठरवला. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच कौशल्याचा खेळ म्हटलं, तेव्हापासून आपले सगळे काका कुशल आहेत.

उत्पन्नाचा हिशेब आता करू, कारण तो लग्नात विचारतात. चिप्स घेताना जीएसटी: २०२३ च्या ऑक्टोबरपासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. जिंकलात तर प्राप्तिकर ३० टक्के, वर उपकर, धरून ३१.२. आणि खरी मेख पुढं आहे: हरलेली रक्कम जिंकलेल्यातून वजा करता येत नाही. सोमवारी लाख रुपये जिंकलात, मंगळवारी लाख हरलात, बुधवारी हातात शून्य आणि सरकारचे देणे ३१,२००. शेतीत निदान तोटा झाला तर तोटाच होतो.

शिवाय नाल. कोठ्यातला तो बुजुर्ग आठवा. जहाजावर तो दर डावातून काही टक्के उचलतो, हसून, इंग्रजीत आभार मानून. टेबलावर नऊ जण एकमेकांचे पैसे जिंकत-हरत राहतात आणि ढीग दर डावाला थोडा कमी होत जातो. आपल्याला याचं नवल वाटू नये. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी शकुंतला रेल्वे आठवते ना? रूळ एका ब्रिटिश कंपनीचे. स्वातंत्र्य मिळालं, इंजिनं बदलली, डबे रिकामे झाले, पण त्या रुळांपोटी कंपनीला पैसे द्यायचा करार कितीतरी वर्षं चालूच होता. नाल काढायची ही पद्धत पणजीनं यवतमाळला शिकवावी असं नाही.

जायचं कसं? वर्ध्याहून निघालेली नवी रेल्वे २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली. तीही आधी चिंतामणीच्या दर्शनाला थांबली. विमानतळ यवतमाळला आहे, विमानाचं विचारू नका. एसटीनं वर्धा किंवा बडनेरा गाठून पुढं मडगावची गाडी धरावी. सावंतवाडीला वाकडी वाट करून हातानं रंगवलेल्या गोल गंजिफा जरूर पाहाव्यात. दशावतारी जोडीत १२० पानं असतात आणि एकाही पानावर चाळीस टक्के कर नाही.

शेवटी घरी काय सांगायचं. खोटं बोलू नये. 'गोव्यात जहाजावर असतो' हे वाक्य प्रत्येक शब्दागणिक खरं आहे आणि ते आईला पाठ करून द्यावं. दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत ते आठवडाभरात पोचतं, लोक मर्चंट नेव्ही समजतात, स्थळं येऊ लागतात. पाहुणे चहा घेतात, पोह्यांना नावाजतात, मुलाच्या गोरेपणाचं कारण उन्हात न निघणं हे आहे असं त्यांच्या लक्षात येत नाही. आणि मग मुलीचा बाप बशी खाली ठेवून विचारतो,

"मंग हे जहाज जाते कुठी कुठी, भाऊ?"

"कुठीच नाई जात, मामाजी. मांडवीत नांगर टाकून उभं हाये."

"अन् तुमी त्याच्यावर काय करता?"

"बसून राहतो."

"पगार?"

"थो बसण्यावरच हाये."

इथं मामाजींचा चेहरा वाचावा. टेबलावर बसायच्या आधीचा हा सराव फुकट मिळतो आहे.