रस्तेसाहेबांच्या उन्नतीबद्दल

रा. रा. रस्तेसाहेब,
मुक्काम आमच्या दारासमोर, तेलगाव, ता. धारूर, जि. बीड.

सा. न. वि. वि.

आपल्या उन्नतीबद्दल आधी अभिनंदन. मी घर बांधलं तेव्हा पाच पायऱ्या चढून ओसरीवर यावं लागायचं. मग आपल्यावर खडी पडली, तिच्यावर डांबर, डांबरावर सिमेंट. दर थराला माझी एक पायरी आपण पोटात घातलीत. आता दोन उरल्यात. इतकं सरळ वर चढत गेलेलं गावात दुसरं कुणी नाही. पुढारीसुद्धा मधे एकदा पडतात.

तळघराचा झरोका आपल्यापासून चांगला हातभर उंच होता. आता त्याची कड आणि आपली पाठ एका लेव्हलला आलीय. पाऊस झाला की पाणी झरोक्याशी येऊन जरा थबकतं, पाहुण्यासारखं. मग एसटी जाते, लाट उठते आणि पाहुणे आत. भाव येईल म्हणून राखलेली सोयाबीनची चार पोती खाली होती. वरून कोरडी ठक्क. हात आत घातला तर बुडाशी गरम लागलं, आणि दोन दिवसांनी शिवणीतून कोंब बाहेर! शेतात दुबार पेरणी करूनही उगवत नाही, तळघरात न पेरता उगवलं.

२०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा पात्र सोडून वाहिली, माजलगाव धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा शेतंच्या शेतं खरवडून गेली. त्या दुःखापुढे माझी चार पोती काहीच नाहीत. म्हणूनच मी सरकारला लिहीत नाही, आपल्याला लिहितोय.

सगळा गुन्हा आपला नाही, हेही कबूल करतो. आमचा आज्जा ज्वारी जमिनीतच ठेवायचा, पेवात. पण पेव गावठाणात, पांढरीच्या उंचवट्यावर. पांढरीत घर, काळीत पीक, एवढा सरळ हिशेब. मी शहाणा निघालो. काळीतला तुकडा एनए केला आणि त्यातच तळघर खोदलं. काळी माती भिजली की फुगून भिंतीला रेटते; उन्हाळ्यात भेगाळते आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून थेट पायाशी नेते. भिंतीलगत मुरूम भरायचा, तिथं मी खोदलेली मातीच परत लोटली. फुकट होती ना!

गच्चीचा पाइपही भिंतीच्या बुडाशीच सोडलेला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी होते. तेवढ्या पावसात हजार चौरस फूट स्लॅबवरून सहा हजार लिटर पाणी उतरतं. उन्हाळ्यात ज्या टँकरमागं आम्ही घागरी घेऊन पळतो, तसा अर्धा टँकर मी स्वतःच्या पायात ओतत होतो.

उपाय केले. आतून महागाचं केमिकल फासलं. दोन पावसाळ्यांत पोपडे हातात आले. चोर घरात शिरल्यावर आतून कडी घालण्यातला प्रकार. मग कोपऱ्यात खड्डा घेऊन मोटार बसवली. पण पाऊस आला की लाईट जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. आपले दिवेही तेव्हाच जातात.

यंदा अक्कल आली. पाइप भिंतीपासून लांब नेऊन शोषखड्ड्यात सोडलाय. भिंतीबाहेरची काळी माती उपसून मुरूम कुटला, त्याला बाहेरच्या बाजूनं उतार दिला, झरोक्याभोवती वीतभर कठडा बांधला. राहिलात आपण. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा आणि कडेची नाली उतार पाहून करावी, एवढं आपल्या माणसांना सांगा. आमच्याकडची नाली मधेच सुरू होते आणि कुठंही न जाता थांबते. मापं घ्यायला आलेल्या साहेबांना दाखवली, तर ते म्हणाले, "काम पूर्ण आहे."

आणि पुढचा थर कधी पडणार ते आधी कळवावं. म्हणजे माडीला दार काढून ठेवतो.

आपला,
खालचा शेजारी