बाउलवाल्यांना अनावृत पत्र

प्रति,
अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या समस्त बाउल सामन्यांचे सन्माननीय आयोजक,
मु. पो. पॅसाडिना, मायामी, न्यू ऑर्लिन्स, एल पासो आणि डिसेंबरात जिथे जिथे हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या असतील ती सर्व गावे.

स. न. वि. वि.

मी तुमची प्रेक्षक नाही. प्रेक्षकाची बायको आहे. आमचे हे एम.एस. करायला कराडहून मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात आले आणि पदवीबरोबर तिथल्या फुटबॉल संघाचा ज्वरही घेऊन बाहेर पडले. पदवीचे काम नोकरी लागताच संपले, ज्वर अजून उतरलेला नाही. त्यामुळे वर्षअखेरीला तुमची-माझी गाठ पडते, पण आपली ओळख कुणी करून दिलेली नाही. ती करून घ्यावी म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम तुमच्या उदारपणाचे कौतुक. मोसमात सामने 12, त्यांतले 6 जिंकले की संघ मोसमानंतरच्या तुमच्या बाउल सामन्याच्या आमंत्रणाला पात्र. म्हणजे पन्नास टक्के. आमच्या घरी एवढ्या मार्कांना पेढे वाटत नसत, प्रगतिपुस्तकावर सही मिळतानाही मारामार होती. तुम्ही मात्र चाळीसच्या आसपास बाउल काढून बसलात, आणि 2015 साली पात्र संघ पुरेनात तेव्हा 5 जिंकून 7 हरलेल्या तीन संघांनाही पाटावर बसवलेत. कुणाची पंगत चुकू नये ही भावना मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्या पंगतीला मला का नेतात?

आमंत्रणाची तऱ्हाही न्यारी. आपल्याला कुठे जायचे आहे ते डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी कळते, आणि जायचे असते दोन-चार आठवड्यांत. कधी फ्लोरिडा, कधी आयडाहोतले बॉइसी. उतावीळ वरपक्षसुद्धा याहून जास्त मुदत देतो. ही बातमी विमान कंपन्यांनाही त्याच रात्री कळते, हे तिकिटांच्या दरांवरून दिसते. पुण्यात सवाई रंगलेला असतो, भाच्याचे लग्न दारात असते, आणि आम्ही एल पासोला स्वेटर लागेल का, ते पाहत असतो.

तुमचा इतिहास मी हॉटेलच्या खोल्यांत बसून वाचला आहे. वेळेची कमतरता नव्हती. 1890 साली पॅसाडिनाच्या व्हॅली हंट क्लबने फुलांची मिरवणूक काढली. हेतू सरळ होता: पूर्वेकडचे लोक बर्फ उपसत असताना इथे गुलाब फुलतात, हे जगाला दिसावे आणि पाहुणे यावेत. 1902 च्या पहिल्या दिवशी तिला फुटबॉलची जोड दिली. मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असे धुतले. वेळ संपायच्या आधीच स्टॅनफर्डने हात टेकले, म्हणून आकडा तिथे थांबला. आयोजकांनी धडा घेतला आणि फुटबॉलच बंद केला. त्याजागी रथांच्या शर्यती आल्या, शहामृगांच्या आल्या, एकदा तर हत्ती आणि उंट यांची झाली. हत्ती जिंकला. फुटबॉल परत आला तो 1916 साली. पुढे महामंदीत मायामीने ऑरेंज बाउल काढला, न्यू ऑर्लिन्सने शुगर बाउल, एल पासोने सन बाउल. तिन्हींचा मुहूर्त एकच, 1 जानेवारी 1935. गावांना पाहुणे हवे होते आणि फुटबॉल हे निमित्त होते.

हे वाचले आणि मला माझे महत्त्व कळले. पाहुणा म्हणजे कोण? एकटा आलेला पुरुष मित्राच्या सोफ्यावर झोपतो, तीन दिवस हॉट डॉगवर काढतो आणि एकाच स्वेटशर्टात परत जातो. त्याच्यावर कुठल्या गावाची भरभराट होणार? खोली लागते ती माझ्यामुळे. टेबलक्लॉथ असलेले रेस्टॉरंट, म्युझियमचे तिकीट, शेजाऱ्यांसाठी भेटवस्तू, एक जादा रात्र, सगळे माझ्या खाती. सामना ह्यांच्यासाठी असेल, पण बाउल माझ्यासाठी आहे. तुमची खरी गिऱ्हाईक मी, आणि गेटवर वागणूक कशी मिळते?

पिशवी पारदर्शक हवी, 12 बाय 6 बाय 12 इंचांची. माझ्या संसारातले सगळे खासगी सामान मी अनोळखी गावाला दाखवत चालते आणि त्यात चिवड्याची पुडी दिसताच मला बाजूला घेतात. बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत म्हणे! अहो, तुमच्या एका बाउलचे नाव बटाट्यावरून, दुसऱ्याचे मेयोनेजवरून, तिसऱ्याचे पॉप-टार्टवरून. बॉइसीत विजयी प्रशिक्षकाच्या अंगावर फ्रेंच फ्राइज ओततात, शार्लटला मेयोनेजची आख्खी बादली. ऑर्लँडोत 2023 साली पॉप-टार्टचा शुभंकर टोस्टरमध्ये शिरला आणि जिंकलेल्या संघाने तो खाल्ला. एवढे सगळे चालते आणि धोका माझ्या चिवड्याचा?

आत गेल्यावर साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. कारण मैदानाच्या कडेला लाल टोपीतले एक गृहस्थ उभे असतात आणि टीव्हीवरच्या जाहिराती संपेपर्यंत खेळ सुरू होऊ देत नाहीत. त्यांच्याबद्दल मात्र मला नितांत आदर आहे. सामन्यानंतर कारमध्ये चौथ्या डाउनवर ह्यांचे विवेचन सुरू होते, तेव्हा त्यांना आमच्या मागच्या सीटवर बसवण्याची सोय झाल्यास उपकार होतील.

हिशोबाचेही बोलू. 1 जानेवारी 2011 च्या फिएस्टा बाउलसाठी कनेटिकट विद्यापीठाच्या गळ्यात 17,500 तिकिटे बांधली होती. विद्यापीठाकडून खपली त्यांतली थोडीच. सामना हरला आणि 15 लाख डॉलरहून अधिक बुडाले. त्याच मार्चमध्ये फिएस्टा बाउलचा चौकशी अहवाल आला. त्यात मुख्य अधिकाऱ्याच्या पन्नाशीच्या वाढदिवसाचे 33 हजार डॉलर बाउलच्याच खर्चात निघाले आणि साहेबांची नोकरी गेली. माझ्या पन्नाशीला आम्ही कुठे होतो, हे इथे लिहीत नाही. तुमच्या नोंदीत असेलच.

आता मुख्य मुद्दा. 2016 साली ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोघांनी बाउल खेळायचे नाकारले. पुढच्या व्यावसायिक कारकिर्दीपूर्वी गुडघे शाबूत राहावेत हा साधा विचार. तेव्हा केवढा गहजब झाला, आज ती रीतच पडली आहे. कुणी व्यावसायिक संघाच्या निवडीची तयारी करतो, कुणी ट्रान्स्फर पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठात जातो, प्रशिक्षकाने दुसरीकडे सही केलेली असते. स्टँड अर्धे रिकामे असले तरी टीव्हीचा पैसा येतो, म्हणून तुम्हालाही चिंता नाही. ज्याला ज्याला न येण्याचे शहाणपण सुचले, तो आलेला नाही. उरलो आम्ही: तिसऱ्या फळीच्या क्वार्टरबॅकचे गाव आणि वजन मुखोद्गत असलेले हे, आणि शेजारी ब्लँकेट पांघरून मी.

तेव्हा माझी सूचना नम्र असली तरी तर्कशुद्ध आहे. खेळाडू वगळले गेले, प्रशिक्षक वगळले गेले, प्रेक्षकही बऱ्यापैकी वगळले गेले. आता फुटबॉलही वगळा. त्यावाचून चालते, हे पॅसाडिनाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. हत्ती आणि उंटाची शर्यत लावा. हत्ती ट्रान्स्फर पोर्टलमध्ये जात नाही, उंट गुडघ्यांच्या काळजीने घरी बसत नाही, आणि निकाल साडेतीन मिनिटांत लागतो. ह्यांचे म्हणाल, तर हत्तीच्या अंगावर विद्यापीठाच्या रंगाची झूल टाका. हे आदल्या रात्रीच येऊन बसतील, आणि मागोमाग मीही. खोली आम्ही घेऊच.

तारीख तेवढी दिवाळीच्या आत कळवा.

आपली कृपाभिलाषी,
(खरी) गिऱ्हाईक