बापूसाहेब ग्रिझली

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून काही साधणारही नाही, कारण अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या गावात गेलात तर न्हाव्याच्या खुर्चीत, पेट्रोल पंपावर किंवा वाण्याच्या रांगेत हे गृहस्थ तुम्हाला भेटणारच. आमचं गाव मिझूला, राज्य मोंटाना. इथे डोंगर, नद्या आणि अस्वलं मुबलक, मराठी माणूस मात्र शोधावा लागतो. त्यामुळे ज्यांना मनातल्या मनात बापूसाहेब म्हणावं असं एक माणूस सापडलं, तेव्हा मी ते सोडलं नाही.

वय साठीच्या पुढे. टोपी डाळिंबी, जाकीट डाळिंबी, गाडीच्या मागच्या काचेवर अस्वलाचा पंजा. धंदा टायर विकण्याचा. पण तो आपला पोटापुरता. खरं काम म्हणजे मोंटाना विद्यापीठाच्या ग्रिझली फुटबॉल संघाची बाराही महिने काळजी वाहणं. (फुटबॉल म्हणजे इथला, हातात चेंडू धरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा.) बापूसाहेब या विद्यापीठात शिकले का? शिकले. एक सत्र. पुढे त्यांनी विद्यापीठ सोडलं, पण विद्यापीठाला त्यांच्यापासून सुटका मिळाली नाही.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत घसा फोडून घेणारे माजी विद्यार्थी मी पाहिलेत. कॉलेज सुटून तीस वर्षं झाली, डोक्यावर केस नाहीत, तरी आवाज तोच. पण त्यांतल्या एकानेही दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जाऊन नेपथ्याच्या खर्चाचा ताळेबंद मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. बापूसाहेब मागतात. प्रशिक्षकाचा पगार, त्याच्या हाताखालच्यांचे पगार, धावफलकाची किंमत, विमानप्रवासाचं भाडं, सगळं त्यांना तोंडपाठ. शत्रुपक्षाचं तर जास्तच पाठ. स्वतःच्या दुकानाचे हिशेब मात्र वहिनी बघतात. बापूसाहेबांना आकड्यांत गती नाही, असं त्याच म्हणाल्या.

दरवर्षी बापूसाहेब विद्यापीठाच्या क्रीडानिधीला एक चेक देतात. रक्कम बेताची, पण पहिल्या चेकपासून त्यांच्या बोलण्यात ‘आपलं अंदाजपत्रक’ असा शब्द येतो. आमच्या स्टेडियमचं नाव वॉशिंग्टन-ग्रिझली. नवा माणूस समजतो राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं असेल. तर तसं नाही. ते उद्योगपती डेनिस वॉशिंग्टन यांचं, ज्यांच्या देणगीतून १९८६ साली ते उभं राहिलं. बापूसाहेब स्टेडियममध्ये शिरताना त्या पाटीकडे असं बघतात, की जणू भागीदाराचं नाव आधी लागलं एवढंच.

‘पैशाने खेळाचा सत्यानाश केला’ हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा मी त्यांना सांगितलं, की अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १८५२ साली झाली, हार्वर्ड आणि येल यांच्यातली नौकांची शर्यत. आणि त्या पोरांचा सगळा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता, म्हणजे लोक शर्यत बघायला येतील आणि तिकिटं खपतील. मला वाटलं, गृहस्थ विचारात पडतील. पडलेही. मग त्यांनी विचारलं, “दोघांना सारखेच दिले की हार्वर्डला जास्त?”

आता मूळ दुखण्याकडे येतो. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांची बहुतेक सूत्रं एनसीएए नावाच्या संस्थेकडे असतात. १९७३ साली तिने कॉलेजांच्या तीन श्रेणी पाडल्या. तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे १९७८ साली पहिल्या श्रेणीतल्या फुटबॉलचेही दोन भाग केले: वरचा एफबीएस आणि खालचा एफसीएस (ही नावं २००६ नंतरची). टीव्हीचा पैसा, लाखभर प्रेक्षकांची मैदानं, देशभर गाजणारी नावं वरच्यात. आमचे ग्रिझली खालच्यात. पहिल्या श्रेणीत असूनही दुसऱ्या पंगतीला बसलेले. खालच्या पंगतीत आमचा मान मोठा आहे, १९९५ आणि २००१ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय; पण पंगत दुसरी ती दुसरीच.

मग वर जायचं की इथेच राहायचं? या एका प्रश्नावर मिझूलातल्या संध्याकाळी जातात.

सामन्याच्या आधी मैदानाबाहेर गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून, शेगड्या मांडून जे जेवण चालतं त्याला टेलगेट म्हणतात. अमेरिकेतलं खरं संसदीय कामकाज तिथे चालतं, असं माझं मत आहे. तिथे कुणीतरी तरुण मुलगा गव्याच्या मांसाचा बर्गर खात म्हणतो, “बॉयसीकडे बघा.” शेजारच्या आयडाहो राज्यातलं बॉयसी स्टेट १९९६ साली आमच्याच बिग स्काय गटातून (गट म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणारी कॉलेजं) उठून वर गेलं. मैदानावर निळी हिरवळ अंथरणारं हे कॉलेज. त्याने २००७ च्या पहिल्याच दिवशी फिएस्टा बाउल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं आणि सगळा देश बघत राहिला.

बापूसाहेब शांतपणे मोहरी लावतात आणि म्हणतात, “आणि आयडाहोकडे कोण बघणार?”

हा त्यांचा हुकमी एक्का. आयडाहो विद्यापीठही त्याच १९९६ साली, त्याच गटातून वर गेलं. गावाचं नाव मॉस्को. मैदान बंदिस्त, सोळा हजार माणसांचं, तेव्हा वरच्या वर्गातलं सगळ्यात छोटं. बावीस वर्षं मोठ्यांच्या पंगतीत खर्च सोसला आणि २०१८ साली परत खाली आलं. वरून खाली स्वतःहून उतरणारं ते पहिलंच कॉलेज. आता त्यांच्या आणि आमच्या सामन्यात जिंकणाऱ्याला पूर्वीप्रमाणे बिअरचा एक जुना तपकिरी मग मिळतो. बापूसाहेब म्हणतात, “बावीस वर्षं त्या मगासाठी तळमळले. न जाते तर मगही इथे होता आणि बिअरही.”

एकाच दारातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक नावारूपाला आला आणि दुसरा हात हलवत परतला. त्यामुळे वाद कधीच संपत नाही. दोन्ही पक्षांना पुरावा शेजारच्याच राज्यात मिळतो.

बापूसाहेब नेमके कुठल्या पक्षाचे, हे मात्र आदल्या शनिवारवर अवलंबून असतं. २०२१ च्या सप्टेंबरात ग्रिझलींनी सिअॅटलला जाऊन वॉशिंग्टन विद्यापीठाला १३-७ ने हरवलं. हे वॉशिंग्टन तेव्हा देशात विसाव्या क्रमांकावर होतं. असे सामने मोठी कॉलेजं छोट्यांना घसघशीत मानधन देऊन बोलावतात. पाहुण्याने यावं, मार खावा, चेक घ्यावा आणि जावं, असा शिरस्ता. आमच्यांनी मार दिला आणि चेकही आणला. तो आठवडाभर बापूसाहेब ‘वर गेलंच पाहिजे’ या पक्षात होते. टायर बदलायला आलेल्या माणसाला आधी हे ऐकावं लागे, मग जॅक लागे. पुढे दुसऱ्या एका सामन्यात हरल्यावर त्यांना मॉस्को आठवलं.

खर्चाचाही त्यांचा अभ्यास आहे. वर जाण्यासाठीचा अर्जच पूर्वी पाच हजार डॉलर्सना मिळे. २०२३ साली तो पन्नास लाखांना झाला. शिवाय आधी वरच्या एखाद्या गटाचं आमंत्रण हवं, शिष्यवृत्त्या जास्त हव्यात. एवढं करून मिळायचं काय? खालच्या वर्गात डिसेंबरात बाद फेरीचे सामने आपल्याच थंडीत, आपल्याच मैदानावर होऊ शकतात. वरच्या वर्गातल्या मधल्या फळीच्या संघाला मोसमाच्या शेवटी मिळतो एखादा बाउल. त्यातल्या एकाचं नाव फेमस आयडाहो पोटॅटो बाउल. हे खरं नाव आहे, मी रचलेलं नाही. “पन्नास लाख भरून बटाट्यासाठी खेळायचं?” बापूसाहेब विचारतात. आयडाहोचा बटाटा म्हटल्यावर तर त्यांना दुहेरी अपमान वाटतो.

२०१० साली आमंत्रण आलंही होतं, डब्ल्यूएसी या गटाकडून. विद्यापीठाने नाही म्हटलं. दोन वर्षांत त्या गटाचा फुटबॉलच बंद पडला. तो नकार आपल्या पत्रामुळे गेला, असं बापूसाहेब सांगतात. तिसऱ्या बिअरनंतर हेच बापूसाहेब ‘तेव्हा गेलो असतो तर’ असं म्हणून सुस्कारा सोडतात. त्या वेळी पत्राचा उल्लेख करायचा नसतो.

खेळाडूंना पैसे देण्याबद्दल त्यांचं मत ठाम आहे. देऊ नयेत. शिक्षण फुकट मिळतं, आणखी काय पाहिजे? पण १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि आमचा एखादा चांगला पोरगा जास्त पैशांसाठी दुसरीकडे निघाला की बापूसाहेब खवळतात: “आपण का नाही दिले?” शेवटी तत्त्व गुंडाळून त्यांनी स्वतःच एका धिप्पाड बचावपटूला चार टायर फुकट दिले आणि त्याचा फोटो दुकानात लावला. पुढच्या मोसमात तो पोरगा दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेला, टायरांसकट. फोटो अजून आहे, आता त्यावर कॅलेंडर टांगलंय. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली, जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर्स मिळणार आणि यापुढे एकेक कॉलेज वर्षाला, सुरुवातीला तरी, सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत खेळाडूंत थेट वाटू शकणार असं ठरलं. त्या दिवशी बापूसाहेबांनी एवढंच विचारलं, “यात टायर धरलेत का?”

पण हे सगळं एका बाजूला आणि बोझमन एका बाजूला.

बोझमन आमच्यापासून साधारण दोनशे मैलांवर. तिथे मोंटाना स्टेट, म्हणजे बॉबकॅट, म्हणजे निळे. १८९७ पासून हे दोघे भांडतायत. दोन्ही गावांच्या डोंगरावर एकच पांढरं ‘एम’ अक्षर. दोन्ही विद्यापीठं एकाच राज्य मंडळाच्या ताब्यात. आणि ते मंडळ बोझमनला झुकतं माप देतं अशी मिझूलाची पक्की खात्री, मिझूलाला देतं अशी बोझमनची. मधली काही दशकं हा सामना वाटेवरच्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात व्हायचा. हरायचं ते निदान तिऱ्हाइतासमोर हरावं, असा काहीतरी विचार असावा.

१९८६ ते २००१ अशी सलग सोळा वर्षं ग्रिझली जिंकले. या सोळा वर्षांची गोष्ट बापूसाहेब पोथीसारखी सांगतात, एकेक अध्याय. २००२ साली पोथी मिटते. उलट बोझमनकरांचा अभिमान असा, की त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळवलंय: १९५६ ला एनएआयए या वेगळ्याच संस्थेत, १९७६ ला दुसऱ्या श्रेणीत, १९८४ ला पहिल्या श्रेणीच्या खालच्या भागात. बापूसाहेबांचं यावर म्हणणं, “तीन शाळा बदलल्या की प्रत्येक शाळेत पहिला येतोच कुणीतरी.” त्यातही १९५६ चा अंतिम सामना ०-० असा बरोबरीत सुटून विजेतेपद वाटून घ्यावं लागलं होतं, हे ते आवर्जून सांगतात. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट, पण राग ताजा.

आणि इथेच त्यांची खरी गोची आहे. आपण एकटे वर गेलो, तर बोझमन सुटलं. बोझमन एकटं वर गेलं, तर मिझूलात राहायचं कशाला? दोघे मिळून गेलो, तर आपण केलं तेच त्यांनीही केलं, मग आपलं विशेष काय? कुणीच नाही गेलं, तर पुढच्या टेलगेटला बोलायचं काय? वहिनी सांगतात, बापूसाहेब रात्री उठून याच विषयावर येरझाऱ्या घालतात. एकदा पहाटे त्यांनी मलाही फोन करून विचारलं होतं, बोझमन वर चाललंय असं काही कानावर आलंय का? माझ्या कानावर काय येणार?

ही भीती अगदीच वेडगळ नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम हे शतकभराचे वैरी. गट बदलले म्हणून २०११ नंतर एकमेकांशी खेळलेच नाहीत, ते थेट २०२४ च्या नोव्हेंबरात भेटले. २०२३ साली तर टीव्हीच्या पैशामागे धावत एकेक जण उठून गेला आणि पश्चिम किनाऱ्याचा पॅक-१२ हा गट बसला. बारांतले दोनच उरले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात जाऊन बसले. बिग टेन नावाच्या गटात आता अठरा कॉलेजं आहेत. गणित विषयही तिथे शिकवतात म्हणे.

त्या ऑगस्टमध्ये बापूसाहेब दुकानात गप्प होते. वॉशिंग्टन स्टेटचा चाहता असलेला त्यांचा मेव्हणा त्या कॉलेजच्या पुलमन गावाहून आला होता. एरवी त्याला चिडवण्याची एकही संधी न सोडणारे बापूसाहेब त्याला जेवायला घेऊन गेले आणि बिलही त्यांनीच दिलं. वहिनींनी नंतर मला विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना?

माझं मत विचाराल तर बापूसाहेबांना ना वर जायचंय, ना पैसा हवाय, ना चषक. त्यांना दरवर्षी नोव्हेंबरात बोझमन समोर पाहिजे, हरवायला. आणि ते हरलं नाही तर वर्षभर शिव्या द्यायला. हे मी त्यांना एकदा सांगितलंही. ते म्हणाले, “बोझमनमध्ये राहून आलास का तू?”

विषम सालातल्या नोव्हेंबरात हा सामना मिझूलात असतो. येणार असाल तर खुशाल या, बापूसाहेब टेलगेटला पोटभर खाऊ घालतील. शाकाहारी असाल तर मक्याचं कणीस भाजून देतील. फक्त निळा स्वेटर घालू नका, आणि बॉयसीचं नाव काढायचंच असेल तर ताट पुढ्यात आल्यावर काढा.