एक्याऐंशीकाका

गाणं चांगलं की वाईट, हे ठरवायची एक्याऐंशीकाकांची रीत सोपी आहे. ते साल विचारतात. १९८१ म्हटलं की मान डोलते. १९८० म्हटलं तर "तयारी चालली होती" आणि १९८२ म्हटलं तर "उतरती कळा". १९८२च्या 'बाजार'लासुद्धा माफी नाही. "अहो, पण तेही खय्यामचंच," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "थकला होता बिचारा," काका म्हणाले. "आदल्या वर्षी 'उमराव जान' केल्यावर माणूस थकणार नाही?"

असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाचं साल १९५७ असतं, कुणाचं १९७३. ते शोधायला ज्योतिषी लागत नाही. जन्मसालात अठरा मिळवायचे. काका त्रेसष्टचे. राइट टाउनातल्या वडिलोपार्जित घरात राहतात, जीसीएफमधून, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेत आणि जबलपूरच्या रिवाजाप्रमाणे लहानथोर सगळ्यांना 'बड्डे' म्हणतात. मी बड्डे, दूधवाला बड्डे, आणि एकदा रागाच्या भरात काकूही बड्डे.

त्या वर्षी 'उमराव जान' आला, 'सिलसिला' आला, 'एक दूजे के लिए', 'कुदरत', 'लव्ह स्टोरी', 'चश्मे बद्दूर' आले, वर नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' आला. यादी तगडी आहे, हे मला मान्य आहे (त्यांच्यासमोर नाही). पण काकांना ही गाणी भेटली ती एलपीवर नव्हे. एलपी परवडत नव्हती आणि परवडली असती तरी वाजवायची कशावर? घरात मामानं आखातातून आणलेला एक टू-इन-वन होता. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटी यायला अजून अवकाश होता. तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी घेऊन पोरं रेकॉर्डिंगच्या दुकानात जायची आणि काही दिवसांनी ती भरून आणायची.

आता यातला हिशेब बघा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत आटोपते. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू असते तीस मिनिटांची. उरलेल्या आठ मिनिटांचं करायचं काय? दुकानदार सचोटीचा होता. गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत तर फीत कोरी कशाला सोडा, म्हणून तो दुसऱ्याच कुठल्या तरी रेकॉर्डवरची दीड गाणी त्यात भरून द्यायचा. दीड, कारण दुसरं गाणं ऐन अंतऱ्यात आलं की फीत संपायची आणि टू-इन-वनचं बटण आपोआप वर यायचं. टक्!

काकांच्या लेखी ते गाणं तिथे संपलं. कायमचं. आज टीव्हीवर तेच गाणं लागलं की ते त्या जागेची वाट बघत बसतात आणि जागा आली की "टक्!" म्हणून रिमोट दाबतात. "काका, अजून एक अंतरा आहे ना पुढे." "तो भरतीचा आहे, बड्डे." 'उमराव जान'च्या शेवटच्या गझलेमागे त्यांच्या कॅसेटवर नाझिया हसन होती. परिणाम असा, की लखनौच्या कोठ्यावरून उठलेले काका थेट लंडनच्या बिड्डूच्या डिस्कोत जाऊन पडतात. खय्यामनं आशाबाईंना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली कसं गायला लावलं, ही कथा सांगताना त्यांचे डोळे मिटलेले असतात, आवाज खर्जात गेलेला असतो, आणि पाय मात्र पुढच्या डिस्कोचा ठेका धरून बसलेला असतो.

घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. एका शरद पौर्णिमेला आम्ही त्यांना भेडाघाटच्या नर्मदा महोत्सवाला घेऊन गेलो. गायिका चांगली होती, चांदणं तर फारच चांगलं होतं. तिनं 'सिलसिला'मधलं एक गाणं धरलं. गाणं रंगलं, दुसरा अंतरा सुरू झाला आणि काका "टक्!" म्हणाले व जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. पांढऱ्या केसांचा माणूस एवढ्या खात्रीनं टाळ्या वाजवतोय म्हणजे काही तरी कळूनच, असं समजून आजूबाजूच्या चार रांगांनी टाळ्या सुरू केल्या. गायिका गोंधळली, तिनं तबलजीकडे पाहिलं, तबलजीनं तिहाई घेऊन टाकली. परतताना काका खूश होते. "बाईंना कळतं हो, कुठे थांबायचं ते." गोलबाजारच्या दत्तमंदिरात आरतीच्या मध्येच ते टक् म्हणत नाहीत, ही गुरुदेव दत्तांची कृपा.

या कॅसेटींवरून काकूंचा एक जुना दावा आहे. २२ मे १९९७च्या पहाटे जबलपूर हादरलं, तेव्हा अख्खं राइट टाउन असेल त्या कपड्यांत रस्त्यावर आलं होतं. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात दागिन्यांचा डबा. काका बाहेर आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. त्यात अकरा कॅसेटी होत्या. "मला हाक मारली ती रस्त्यावर पोचल्यावर," असं काकू आजही सांगतात. काकांचं म्हणणं, बायकोला पाय असतात, कॅसेटीला नसतात. यावर न्यायाधीश म्हणून मला अनेकदा बसवण्यात आलं, पण तिथला चहा चांगला असल्यामुळे मी निकाल राखून ठेवत आलो आहे.

'सिलसिला'चा खटला मात्र त्याहून अवघड. शिव-हरींनी पहिल्यांदा संगीत दिलेला सिनेमा, म्हणजे गाणी पूज्य. पण जया भादुरी जन्मानं जबलपूरची! तेव्हा बाकीचा देश रेखा-अमिताभच्या प्रेमानं पाघळत होता आणि जबलपूरला माहेरची बाजू घेणं भाग होतं. बरं, रेखाला वाईट म्हणावं तर 'उमराव जान'ही तीच. अठरा वर्षांच्या काकांवर केवढा हा प्रसंग! त्यांनी तोडगा काढला: रेखा ऐकायची, जया बघायची. सिनेमाच्या शेवटी नवरा बायकोकडे परत येतो, याचं श्रेय ते पटकथेला देत नाहीत, नर्मदामैयाला देतात.

हा आजार आनुवंशिक आहे. काकांच्या वडिलांचं साल होतं १९५५. त्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गाणी झाली, आणि त्यानंतर सृष्टीत गाण्यासारखं काही उरलं नाही, असं ते मरेपर्यंत मानत होते. 'उमराव जान' वाजलं की आतल्या खोलीतून "हे काय वखवखलेलं" असा अभिप्राय यायचा. काकांची मुलगी पुण्याला असते, आयटीत. तिचं साल २०११. 'रॉकस्टार'नंतर संगीत मेलं, असं ती गेल्या दिवाळीत शांतपणे म्हणाली. काकांना धक्का बसला. संगीत मेल्याचा नव्हे, त्याचं तर त्यांनी १९८२तच तेरावं घातलं होतं. पोरगी इतकी जुनाट विचारांची कशी निघाली, याचा.

पण खरी जखम अमीन सयानींची. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा काका सायन्स कॉलेजची पुस्तकं मिटून बसायचे. १९८१ सरलं, वार्षिक गीतमाला आली, पायदान चढत चढत सयानी सरताज गीतापाशी पोचले आणि बिगुल कुणासाठी वाजला? 'लावारिस'मधल्या, बायकांच्या उंची-जाडीची थट्टा करणाऱ्या गाण्यासाठी. काकांनी त्याच रात्री अंतर्देशीय पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तेव्हापासून सयानींचा उल्लेख घरात 'तो दंतमंजनवाला' असाच.

फेब्रुवारी २०२४मध्ये सयानी गेले. गेले मंगळवारी, बातमी आमच्यापर्यंत आली बुधवारी सकाळी. मी काकांकडे गेलो नाही. काय बोलावं तेच कळेना, आणि खरं सांगायचं तर टक् ऐकायचाही उत्साह नव्हता. दुपारी त्यांचाच फोन आला. "आज बुधवार आहे, बड्डे. आठला ये."

गेलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. 'बहनो और भाइयो' म्हणून त्यांनी सुरुवात केली, ती इतकी हुबेहूब साधली, की चाळीस वर्षं या माणसानं सयानींना शिव्या देता देता चोरून किती ऐकलं असेल, हे तेव्हा कळलं. मग एकेक पायदान. खालून वर सगळं १९८१. 'एक दूजे के लिए', 'कुदरत', 'सिलसिला'. आणि 'उमराव जान' दुसऱ्या पायदानावर. मी आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी तोंडानं बिगुल वाजवला, बेसूर, आणि माझ्या फोनवर 'लावारिस'चं ते गाणं लावायला सांगितलं.

हे गाणं त्यांच्या अकरापैकी एकाही कॅसेटवर नव्हतं. त्यामुळे टक् कुठे म्हणायचं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

"सयानीसाहेबांनी पहिलं म्हटलंय," काका म्हणाले, "तर असेल पहिलं."

"मग बेचाळीस वर्षं माझं डोकं कशाला खाल्लंत?" असं म्हणत काकू चहा टाकायला उठल्या.