बाटलीमागचं बारीक अक्षर

जबलपूरजवळच्या भेडाघाटला धुवाँधार धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकानं आहेत. हत्ती, कासवं, उदबत्तीची घरं आणि नर्मदाकाठ म्हटल्यावर अर्थातच शिवलिंगं. आमच्याकडे येणारे पुण्याचे पाहुणे हे सगळं संगमरवर समजून घेतात, आणि दुकानदार त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या फंदात पडत नाही. यातलं बरंचसं असतं संगजिरं. नख मारलं तर ओरखडा उठेल इतका हा मऊ दगड. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोज यांच्या पट्टीवर अगदी तळाला, पहिल्या नंबरावर बसणारा. जबलपुरातले जुने लोक त्याला संगजराहत म्हणतात, म्हणजे जखमेचा दगड. युनानी हकीम त्याची पूड रक्त थांबवायला वापरत. हीच पूड वस्त्रगाळ करून, वास घालून, डब्यात भरली की तिचं टॅल्क होतं आणि ती लग्नाच्या वऱ्हाडात मिरवते.

दगड एकच. हत्ती झाला तर शोकेसमध्ये, शिवलिंग झाला तर देव्हाऱ्यात, पावडर झाला तर मानेवर. याच टॅल्कवरून अमेरिकेत हजारो खटले उभे राहिले, कारण जमिनीच्या पोटात टॅल्क आणि ॲस्बेस्टॉस पुष्कळदा शेजारी नांदतात. शेवटी २०२३ मध्ये जॉन्सनच्या बेबी पावडरीतून टॅल्क जगभर हद्दपार झालं आणि त्या जागी मक्याचं पीठ आलं. मका! पावसाळ्यात आम्ही ज्याला मीठ-लिंबू चोळून भाजून खातो, तो आता बाळाच्या काखेत.

डब्या-बाटल्यांवरचा मजकूर वाचायची ही खोड मला सूनबाईंमुळे लागली. तिच्या बाथरूममधल्या फळीवर इतक्या बाटल्या असतात की पूर्वी एवढ्या औषधांवर एखादा सरकारी दवाखाना चालला असता. क्लिन्झर, टोनर, सीरम, मॉइश्चरायझर. लावायचा क्रमही ठरलेला, आणि तो चुकला तर सत्यनारायणात चुकल्यासारखा तिचा चेहरा होतो. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचते. पहिलं नाव बहुधा ॲक्वा. म्हणजे पाणी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा रिवाज आहे, त्यामुळे पुढे कोरफड, केशर, मोती असं काहीही ठळक छापलेलं असलं तरी मागे मानाचं पान पाण्याला. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कोणत्याही क्रमानं लिहिता येतात. केशर सहसा तिथे सापडतं, पंगतीत अगदी दाराजवळ बसवलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं.

एका बाटलीवर ‘सायपेरस रोटुंडस रूट एक्स्ट्रॅक्ट’ वाचून मी चांगलीच दबले होते. मग कळलं, हा आपला नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात कचोरा, वाळा, आंबेहळद यांच्या जोडीला बसणारा. शेतकरी त्याला तण म्हणून शिव्या घालतो. आता बाटलीत आला, तर त्याला लॅटिन नाव आणि ड्रॉपर.

पण सगळीच नावं अशी ओळखीची निघत नाहीत. हायलुरॉनिक ॲसिड हे सध्याचं सर्वांत लाडकं नाव. ॲसिड म्हटलं की आम्हा जुन्या लोकांना संडास धुण्याची बाटली आठवते; पण हे बिचारं पाणी धरून ठेवणारं, सौम्य. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं, आणि कशातून? गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून. आता कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतात, म्हणून बाटलीवर हिरवा ठिपका निर्धास्त छापता येतो. नॉन-कॉमेडोजेनिक म्हणजे रंध्रं बुजवून पुटकुळ्या न आणणारं. ही परीक्षा मुळात सशाच्या कानावर घेतली जात असे. सशाचे कान आणि माझे गाल यांच्यात काय साम्य आहे, हे मी सूनबाईंना विचारलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही आधी लावून तर बघा.”

मला खरा राग आहे तो ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या बिरुदाचा. तपासलं, एवढंच ते सांगतं. तपासून काय निघालं, ते सांगत नाही. परीक्षेला बसलो होतो असं मुलानं सांगावं आणि निकालाचं नाव काढू नये, त्यातला प्रकार. ‘हायपोअलर्जेनिक’ची, म्हणजे ॲलर्जीचा धोका कमी असल्याच्या दाव्याचीही, तीच गत. या शब्दाला काही तरी पुरावा जोडा असा नियम अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७५ मध्ये केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिकडे हा शब्द मोकळा फिरतो आहे.

कोर्टावरून आठवलं. आपल्याकडे या विषयातली सगळ्यात सुरस गोष्ट एका मराठी घराची आहे. केशव विष्णू पेंढरकर नागपूरला किराणा दुकान चालवत. तिथून ते मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये परळला त्यांनी विकोचा पाया घातला. पुढे हळद आणि चंदनाच्या तेलाची क्रीम आली. हळद लावली आणि चेहरा पिवळा झाला नाही, हेच तेव्हा अप्रूप. पण सरकारला प्रश्न पडला: हे औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, होता उत्पादन शुल्काचा. प्रसाधनावर कर जास्त, आयुर्वेदिक औषधावर कमी. टीव्हीवर त्यांची जाहिरात हे कॉस्मेटिक नव्हे असं गाऊन सांगायची, तेव्हा आम्ही पोरी तिच्या तालावर माना डोलवायचो. त्या ओळीला कराचीही बाजू आहे हे कुणाला ठाऊक? वाद १९७०च्या दशकात सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. अखेर २००४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. समोर होते नागपूरचेच केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त.

या निकालानंतर हळदी समारंभाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. पाटावर बसलेल्या नवरीवर उपचार चालले आहेत की तिचा मेकअप? १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे काय याची व्याख्या आहे: शरीरावर चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं किंवा फवारायचं, आणि त्यातून स्वच्छ, सुंदर, आकर्षक दिसायचं. आमच्याकडच्या करवल्या हे चारही प्रकार एकाच सकाळी करतात, वर उरलेली हळद नवऱ्या मुलाच्या काकांच्या टकलाला. बरं, त्याच हळदीचा जखम भरण्याचा गुण अमेरिकेत १९९५ मध्ये कुणी पेटंट करून घेतला होता. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करवलं. करवल्यांना यातलं काही माहीत नसतं. कायद्याचं पालन होतंच.

या सगळ्या गर्दीत मला मान द्यावासा वाटतो तो सनस्क्रीनवरच्या एसपीएफला, कारण त्याच्यापुढे आकडा असतो. जबलपूरचं मे महिन्याचं ऊन खाल्लेल्या माणसाला आकडे कळतात. पारा ४३-४४ ला गेला की सदर बाजारात कुत्रंही सावली बघून चालतं. एसपीएफ ३० भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० असेल तर ९८. म्हणजे आकडा वीसनं वाढला, फायदा एका टक्क्याचा, आणि किंमत विचारू नका. शिवाय हा आकडा निघतो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. आपण लावतो त्याच्या अर्ध्याहूनही कमी, कारण ट्यूब महाग. प्रामाणिक आकडाही आपल्या चिक्कूपणापुढे लटका पडतो.

स्पामधल्या उपचारांच्या दुनियेत मात्र आकडे फार नसतात. तिथे ऊर्जा, संतुलन, डिटॉक्स. डिटॉक्सचं पत्रक वाचताना मला एरंडेलाचा चमचा आठवतो; फरक इतकाच की आमची आजी एरंडेलाला मेणबत्ती लावत नसे आणि बासरीही वाजवत नसे. ॲरोमाथेरपी हा शब्द गाटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञानं १९३७ मध्ये पुस्तकाच्या नावावर घातला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात सर्दीला निलगिरी आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली जाते. नाक मोकळं होतं, हे खरं. त्यापुढचं पत्रकात जे लिहिलेलं असतं ते नाकाला कळत नाही. तरी दुपारी कुणी तासभर निवांत तेल लावून दिलं तर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘हर्बल, म्हणून निर्धोक’ या शब्दांशी. बिब्बाही हर्बलच आहे. खाजकुइलीही. बिब्ब्याचं तेल अंगावर उडून फोड आलेल्या माणसाला विचारा निसर्ग किती मायाळू असतो ते.

तेव्हा यंदा दिवाळीआधी मी बडा फुहाऱ्याच्या बाजारात पंसाऱ्याकडे उटणं घ्यायला गेले. त्यानं उघड्या गोणपाटांतून पाच-सहा चिमटी उचलल्या, कुटल्या, वर्तमानपत्रात बांधल्या. बारीक अक्षर वाचायची सवय लागलेली, म्हणून विचारलं, “भैया, इसमें क्या-क्या है?”

“सब है, माताजी.”

“और एक्सपायरी?”

त्यानं पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दीवाली तक तो चल जाएगी,” तो म्हणाला, “आगे आप देख लो.”