साठ तासांचा परदेश

शुक्रवारी दुपारी चारला घर सोडायचे, सोमवारी पहाटे चारला परत यायचे आणि मधल्या वेळात जुन्या मित्रांना परदेशात भेटायचे, हा प्रवासप्रकार महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. तो साधारणपणे चाळिशीनंतर उद्भवतो. त्यासाठी एकाच कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलेले सात-आठ जण, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि क्रेडिट कार्डाची मर्यादा भरपूर असलेला किमान एक भिडस्त सदस्य लागतो. ठिकाण कोणतेही चालते. बहुतेक वेळा ते बँकॉक असते.

या प्रवासाचे मूळ मैत्रीत शोधण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. त्याचे मूळ परत न मिळणाऱ्या तिकिटात आहे. हेच सात-आठ जण पुण्यात राहतात आणि पुण्यात भेटत नाहीत. एक वाकडला, एक हडपसरला, दोघे सिंहगड रोडला. शनिवारी संध्याकाळी डेक्कनला भेटायचे ठरते. दुपारी एकाच्या मुलाचा क्लास निघतो, दुसऱ्याकडे सासूबाई येतात, तिसरा साडेसातला चांदणी चौकातून फोन करून ‘तुम्ही सुरू करा’ म्हणतो. साडेआठला हॉटेलात दोघे बसलेले असतात आणि तेही एकाच सोसायटीतले. गावातली भेट मोडायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती मोडते. तिकिटाचे हजारो रुपये बुडणार म्हटल्यावर मात्र सासूबाईंची सोय होते, क्लास बुडतो आणि वाकडचा सदस्य वेळेआधी दोन तास विमानतळावर हजर होतो. मैत्रीच्या व्यवहारात अनामत रकमेला जे स्थान आहे, त्याची दखल समाजशास्त्राने अजून घेतलेली नाही.

निमित्त बहुतेक वेळा न्यू जर्सीचा मित्र असतो. तो येणार, त्याला इकडे यायला वेळ नाही, तेव्हा मध्ये कुठेतरी भेटू, असे ठरते. नकाशा उघडला तर बँकॉक हे पुणे आणि न्यू जर्सी यांच्या मध्ये येत नाही. पण नकाशा कोणी उघडत नाही. पुढे न्यू जर्सीच्या मित्राला वकील सल्ला देतो की, अमेरिकेबाहेर पडलास तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगचा प्रश्न येईल. तो रद्द होतो. ज्याच्यासाठी दौरा आखला तो व्हिडिओ कॉलवर दिसतो आणि तोवर इतरांची तिकिटे निघालेली असल्यामुळे दौरा होतो.

ठिकाण ठरवण्याची प्रक्रिया चित्रपटांवर बेतलेली आहे. २००१ साली ‘दिल चाहता है’ आला आणि तीन मित्रांनी गाडी काढून गोव्याला जाणे हा मैत्रीचा दाखला झाला. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ने तो दाखला स्पेनपर्यंत वाढवला. त्यामुळे ग्रुपवर पहिला प्रस्ताव आजही स्पेनचाच येतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, त्यावर व्हिसा केंद्राचा सेवाआकार, त्यावर बँकेची विवरणपत्रे, प्रवासविमा आणि मुलाखतीची तारीख. शिवाय ज्या टोमॅटोफेकीसाठी स्पेनला जायचे, ती बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते. बुधवार हा वार शनिवार-रविवारला जोडता येत नाही. ही माहिती कोणीतरी टाकतो आणि स्पेन बारगळते. मग बाली, व्हिएतनाम, दुबई, अल्माटी अशी नावे येतात. व्हॉट्सअॅपने २०२२ च्या अखेरीस मतदानाची सोय दिली, तेव्हापासून निर्णयाला अधिक वेळ लागतो, कारण पूर्वी गप्प बसणारेही आता दोन-दोन पर्यायांवर खूण करतात. शेवटी ज्याच्या कार्डावर तिकिटे निघणार, तो बँकॉक म्हणतो आणि बँकॉक होते.

बँकॉकच्या बाजूने खरे कारण थायलंड सरकारने पुरवले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या सरकारने भारतीयांना व्हिसा माफ केला. सुरुवातीची सहा महिन्यांची सवलत पुढे वाढवत नेली आणि जुलै २०२४ मध्ये मुक्कामाची मुदत ६० दिवस केली. थायलंडने साठ दिवस दिले. घरून साठ तास मिळतात. घरची परवानगी ही या दौऱ्यातील एकमेव अवघड इमिग्रेशन होय. तिला ऑनलाइन अर्ज नाही, शुल्क नाही, ठरलेली मुदत नाही आणि नकाराविरुद्ध अपील नाही. अनुभवी सदस्य ठिकाणाचे नाव शेवटी सांगतात. आधी ‘पंचवीस वर्षे झाली’ येते, मग ‘सगळेच येतायत’, मग ‘कंपनीचे पॉइंट्स वाया जातील’ आणि भाजी वाढून झाल्यावर बँकॉक. उत्तरादाखल येणारे ‘जा की, मी कुठे नाही म्हणतेय’ हे वाक्य होकार आहे की नकार, याचा निकाल परतल्यानंतरच लागतो.

महिलांच्या ग्रुपचा दौरा हा वेगळा प्रकार असून त्याचे वर्णन लवकर आटोपते. तो ठरल्या तारखेला निघतो, ठरलेले सगळे पाहून होते, प्रातुनामच्या बाजारात ठरलेल्या खरेदीपेक्षा दुप्पट खरेदी होते आणि हिशेब परतीच्या विमानात पुरा होतो. त्यात उपहासाला फारसा वाव नाही.

पुरुषांच्या ग्रुपमध्ये पासपोर्टची मुदत निघण्याच्या आठवड्यात तपासली जाते. प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक हवी, हे बुधवारी कळते आणि एकाच्या पासपोर्टाला चार महिने उरलेले असतात. छत्तीस पानी पासपोर्टाचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,०००. पण तत्काळ म्हणजे आज संध्याकाळी नव्हे. हा सदस्य गळतो. त्याचे तिकीटही परत मिळत नाही आणि पुढे वर्षभर सगळे त्याला ‘तू असतास तर मजा आली असती’ असे आवर्जून सांगतात. मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. ते सगळ्यांच्या वतीने एकच जण भरतो. हा तोच, जो कॉलेजात सगळ्यांची जर्नल्स पुरी करत असे.

प्रवास मुंबईहून सुरू होतो, कारण तिथले तिकीट स्वस्त पडते. टॅक्सीचे भाडे मिळवले की ते स्वस्त राहत नाही, पण टॅक्सी तिकिटात धरत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात गर्दी असली, की पुणे ते सहार विमानतळ हा टप्पा विमानप्रवासाइतकाच वेळ खातो. विमानतळावर क्रेडिट कार्ड घासून दोन रुपयांत लाउंजमध्ये शिरता येते. त्या दोन रुपयांसाठी चाळीस मिनिटे रांगेत उभे राहून इडली, छोले आणि गाजरहलवा एकाच ताटलीत घेतला जातो. घरून निघताना प्रत्येकजण जेवलेला असतो.

बँकॉकची वेळ भारतापेक्षा दीड तास पुढे आहे. रात्री साडेअकराला मुंबईहून निघालेले विमान साडेचार तासांनी, तिथल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास उतरते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. आखणी करताना ही गोष्ट आजवर एकाही ग्रुपच्या लक्षात आलेली नाही. सातला मंडळी बॅगांसह लॉबीत. कोणीतरी पिशवीतून पातळ पोह्यांचा चिवडा आणि भाकरवडी काढतो. दुसऱ्याकडे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी असते. विदेशी भूमीवरील पहिले भोजन अशा रीतीने हॉटेलच्या सोफ्यावर, वर्तमानपत्राच्या कागदावर, रिसेप्शनवरील बाईकडे न बघता पार पडते.

वेळ काढायचा म्हणून ग्रँड पॅलेस. तो साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाट. एका बाटाला किती रुपये हे प्रत्येकजण वेगळे सांगतो, पण गुणाकार सगळेच करतात आणि गुणाकारानंतर सगळेच गप्प होतात. दारात पहारेकरी थांबवतो: उघड्या गुडघ्यांनी आत जाता येत नाही. एक सोडून सगळे बर्म्युड्यात. मग समोरच्या दुकानातून हत्तींची नक्षी असलेले ढगळ पायजमे घेतले जातात. एकेकाळी तंग जीन्समध्ये कॅन्टीनसमोर उभी राहणारी ही तुकडी पोटावरून नाडी बांधून, हत्तींच्या रांगा फुगवत आत शिरते. तिथल्या वाट फ्रा क्याओ या मंदिराच्या ओवऱ्यांत रामकियेन या थाई रामायणाची १७८ भित्तिचित्रे आहेत. रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. त्याच्या प्रेमप्रकरणांना तिथे चांगलीच जागा दिलेली आहे. गाइडने हे सांगताच, तालमीत वाढलेला एक सदस्य उरलेली चित्रे न पाहता बाहेर येऊन नारळपाणी पितो.

जवळच वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. त्याच्यापाशी प्रत्येकजण फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवतो. पुढच्या चाळीस तासांत घरच्या ग्रुपवर बुद्धाखेरीज कोणी दिसत नाही. चाओ फ्राया नदीच्या पलीकडचे वाट अरुण, राचाप्रसोंगच्या चौकात १९५६ साली उभारलेल्या देव्हाऱ्यातला चतुर्मुख ब्रह्मदेव, सगळे व्यवस्थित पोहोचतात. एवढी तीर्थयात्रा करणाऱ्या माणसाचा फोन रात्री अकरानंतर का लागत नाही, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उपस्थित होतो. पट्टायाबद्दल विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही. विचारले असता प्रत्येकजण इतर सगळे गेल्याचे सांगतो.

मद्याचा विषय टाळता येत नाही. थायलंडमध्ये दुकानांतून दुपारी दोन ते पाच मद्यविक्रीला अनेक वर्षे बंदी होती. भर दुपारी दुकान बंद ही कल्पना पुणेकरांना नवी नसल्याने त्यांची तितकीशी गैरसोय झाली नाही. प्रत्यक्षात पिण्याचे प्रमाण आठवणींतल्या प्रमाणाच्या एक चतुर्थांश असते. पहिल्या पेगनंतर गोळ्यांच्या डब्या निघतात: रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, आणि एकाची नुसती ॲसिडिटीची, ज्याचा सगळे हेवा करतात. त्यानंतरच्या संभाषणाला ठरलेला क्रम आहे. कॉलेजच्या तीन गोष्टी होतात, त्याच तीन, गेल्या खेपेपेक्षा थोड्या वाढवून. व्हायवात तोंड न उघडलेला मुलगा आता त्याच व्हायवात सरांना निरुत्तर करतो. मग सोसायटीचा पुनर्विकास, मुलांची जेईई आणि शेवटी एका सदस्याची म्युच्युअल फंडांविषयीची व्याख्यानमाला. खाली सुखुमवित रस्त्यावर रात्र झगमगत असते आणि चौदाव्या मजल्यावर पडदे ओढून पलंगावर रमी मांडलेली असते.

जेवणाबाबत एकमत शक्य नाही. शाकाहारी सदस्याला नुसत्या भाजीतही माशाच्या अर्काचा वास येतो आणि बहुतेक वेळा तो खरोखरच असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे भारतीय हॉटेल शोधून डाळ-भात खातात आणि पुण्यात ज्या दालफ्रायला नावे ठेवली असती, तिला ‘घरच्यासारखी’ म्हणतात. गोडात आंबा आणि चिकट भात मागवला जातो. देवगडचा सदस्य ताटलीकडे पाहतो, फोड उचलून वास घेतो आणि हापूसची साल, हापूसचा देठ, हापूसची अढी या विषयांवर बोलू लागतो. आंब्याबरोबर भात खाणाऱ्या लोकांची त्याला मनापासून कीव येते. बोलता बोलता तो दोन ताटल्या संपवतो. या साठ तासांत खरोखर काही नवे घडले असेल तर ते एवढेच आणि तेही तो कबूल करत नाही.

परतीला सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागते. वासुकीला एका बाजूने देव ओढतात, दुसऱ्या बाजूने दानव. ग्रुपचा शेवटचा फोटो इथे निघतो आणि दानवांच्या बाजूला कोणी उभे राहायचे यावर मतदान होते. पुढचे मंथन ड्युटी फ्रीमध्ये. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य आणता येते. स्वतः न पिणाऱ्या सदस्याचे मित्रमंडळातील मोल या क्षणी कळते. घरच्यांसाठी चिंचेच्या गोळ्या, बाम आणि हत्ती असलेली चाव्यांची कडी घेतली जाते.

साठ तासांतले नऊ विमानात गेले, सात-आठ विमानतळांवर, बारा-तेरा झोपेत, सहा बँकॉकच्या वाहतुकीत, तर एक पूर्ण तास हरवलेल्या सदस्याला शोधण्यात, जो खालीच मसाज घेत होता. उरलेल्या वेळात माणसे एकमेकांशी बोलली. तेवढा वेळ वर्षभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे, आणि त्याची किंमतही मान्य केली पाहिजे.

ती किंमत नेमकी किती, हे मात्र ठरायचे असते. सोमवारी दहाच्या मीटिंगमध्ये सगळे कॅमेरा बंद करून बसतात, ग्रुपवर शेकडो फोटो पडतात, ‘पुढच्या वर्षी व्हिएतनाम’ येते, त्यावर अंगठे येतात. मग खजिनदाराचा तक्ता येतो आणि ग्रुपवर शांतता पसरते. कोणी म्हणतो मी तुकतुकमध्ये नव्हतो, कोणी म्हणतो मी फक्त सूप घेतले. ज्याच्या कार्डावर आठ तिकिटे निघाली, त्या माणसाचे बिल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला येते आणि तो भिडस्त असल्यामुळे दुसऱ्यांदा मागत नाही. अशा एखाद्या ग्रुपात जे वाचक असतील, त्यांनी आपल्या वाट्याचे पैसे आजच पाठवून द्यावेत.